सहावं गाणं

आनंदवाडीच्या बंद बर्फ कारखान्यात
आम्ही अकरा रात्री रेकॉर्डिंग केलं.
भिंतींत बुचाचे जाड थर,
आतला आवाज बाहेर जाऊन कुणाची झोप मोडत नसे.
भाडं सोसायटीनं माफ केलं, एका अटीवर :
अमोनियाच्या नळांना हात लावायचा नाही.

बँडचं नाव खाजण.
पास्कू फर्नांडिस गिटारवर, इम्तियाज होडेकर ड्रम्सवर,
गाणारी शर्मिष्ठा कुबल, तालुका कोर्टात टंकलेखक.
सकाळी तिचा आवाज बसलेला असायचा
आणि वकील विचारायचे, मॅडम, सर्दी?
बेस माझ्याकडे.
मी मत्स्यविभागात डिझेल परताव्याच्या फायली बघतो,
म्हणून हिशेबही माझ्याकडे :
खर्च एक लाख बारा हजार.
त्यातले सत्तर इम्तियाजचे,
घरी तो अजून सांगतो, इंजिनाचं बुकिंग केलंय,
कंपनीच उशीर करते.

अल्बमचं नाव सुकती.
भरती उतरली की आमच्याकडे जे उरतं, ते.
पुण्याच्या समीक्षकाला वाटलं, दुष्काळ.
'तहानेचा दस्तऐवज', साडेतीन तारे.
आणि आम्ही, ज्यांच्या मागच्या दारी दिवसातून दोनदा पाणी येतं,
ते कात्रण जपून ठेवलं.
मुंबईतल्या एकीला शर्मिष्ठाचे उच्चार खटकले.
तिसऱ्यानं लिहिलं, बेस ऐकूच येत नाही.
खरं आहे. मी हळू वाजवतो,
लहानपणी शेजारी आजारी माणूस होता.

प्रकाशन जेटीवर, मासळीच्या लिलावानंतर.
तीस खुर्च्या, नऊ माणसं, बाकी मांजरं.
चेअरमन जुवाटकर तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबले,
मग माझ्या कानाशी वाकून :
टेस्टिंग झाला मां? गाणा कधी सुरू होतला?

उरलेल्या सीड्यांतल्या चाळीस
पास्कूच्या आईनं दोरीला ओवून
वाळत घातलेल्या बांगड्यांवर टांगल्या.
कावळे आठवडाभर फिरकले नाहीत.
मग त्यांना सवय झाली.

सहाव्या गाण्यात लाइट गेली होती.
दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर, ओळीच्या मधोमध.
अँप मेले, बेस मेला,
लॅपटॉप तेवढा बॅटरीवर ऐकत राहिला.
इम्तियाज थांबला नाही,
काळोखात कुणाची खूण त्याला दिसणार होती?
शर्मिष्ठा भिंत चाचपत माइकपासून लांब गेली,
गातच गेली,
आणि छपरातून पाणी ठिबकतंय कुठंतरी,
तालाच्या जरासं मागे.
लाइट आल्यावर ते पुन्हा केलं, चार वेळा, नीट.
ठेवलं पहिलंच.
परीक्षणात आलं : शांततेचा धाडसी वापर.
महावितरणचे आभार मानायचे राहून गेले.

दुसरा अल्बम झाला नाही.
इम्तियाज मस्कतला, शर्मिष्ठाची बदली कणकवलीला.

परवा ऑफिसात एक खलाशी आला,
खिमानंद, नेपाळचा, तांडेलाचा फॉर्म घेऊन.
टेबलाच्या काचेखालच्या कात्रणावर
अल्बमचं चित्र बघून थबकला.
मराठी वाचता येत नाही म्हणाला, चित्र ओळखतो.
खिशातून फोन काढून गाणं लावलं. सहावं.
कुणाकडून आलं, ठाऊक नाही,
बोटीवर सगळ्यांकडे आहे म्हणे.
जाळं टाकून वाट बघताना लावतात.
त्यानं बोटानं गाणं पुढं सरकवलं,
नेमकं तिथं आणून सोडलं,
आणि विचारलं, इथं बत्ती खरंच गेली होती ना?

गेली होती.

वाटलंच, म्हणाला.
आमचा जनरेटर बंद पडतो, तेव्हा अस्संच.
सगळे गप्प होतात,
एकजण भांडी घासत राहतो.

मी फॉर्मवर शिक्का मारला.
उलटा पडला.
पुन्हा मारला.